अक्काचा उजवा पाय

माझी सासू जन्मली ती पायाकडून. सगळ्या जगाचं डोकं आधी बाहेर येतं, हिनं पाय आधी काढले, आणि तिथूनच गावात तिची किंमत वाढली. अशा माणसाला पायाळू म्हणतात. पायाळू माणसानं पाठीवरून पाय फिरवला की भरलेली उसण उतरते, असं आमच्या गिरणाकाठी सगळे मानतात. जे मानत नाहीत, ते पाठ धरली की मानायला लागतात.

तिचं नाव झुंबरबाई. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणायला लागले. भडगावपासून दोन कोसांवर आमचं गाव. रविवार आणि मंगळवार हे अक्काच्या पायाचे दिवस. सकाळी उन्हं ओसरीवर यायच्या आत पाठधरले लोक येऊन बसायचे. अक्का उजवा पाय तांब्याभर पाण्यानं धुवायची, पदरानं पुसायची, आणि उंबऱ्यापाशी पालथ्या पडलेल्या माणसाच्या मानेपासून कमरेपर्यंत टाच तीनदा फिरवायची. तोंडानं मंत्रबिंत्र काही नाही, नुसती बोलणी.

"श्वास सोड रे! पोट कसाले आवळी ऱ्हायना? मी काय तुले खाई जासू?"

मास्तर यायचे, तलाठी यायचा, एसटीचा एक जाडजूड कंडक्टर तर गाडी फाट्यावर उभी करून यायचा आणि प्रवाशांना 'इंजिन तापलंय' सांगायचा. अक्का कुणाकडून नारळसुद्धा घ्यायची नाही. काही घेतलं तर पायाचा गुण जातो म्हणे. पण बोलणी सगळ्यांना सारखी. तलाठ्याला म्हणायची, खुर्चीवर बसून बसून पाठीचं लाकूड झालंय, कधी शेत मोजायला स्वतः जात जा.

पायाळूवर वीज पडते, हा दुसरा समज. त्यामुळे आभाळ गडगडलं की शेतातल्या साऱ्या बाया अक्काला घरी पिटाळायच्या. तिची काळजी असायची तशी स्वतःचीही असायची; वीज पडलीच तर शेजारी कोण उभं राहणार? मग अक्का घरात पाटावर बसून राहायची आणि निंदणी बुडाली म्हणून विजेला शिव्या द्यायची.

मी लग्न होऊन आले ती देवपुरातून. धुळ्याचं देवपूर म्हणजे शाळा-कॉलेजांची वस्ती. माझे वडील, नाना, तिथल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायचे, पण घरी बोलायचे प्रोफेसरासारखे. मी बारावीला सायन्सला होते. नापास झाले, पण सायन्समध्ये नापास झाले. त्यामुळे सासूच्या पायापुढे लोक पालथे पडलेले बघून मला पहिल्या दिवशी हसू आलं, दुसऱ्या दिवशी राग आला, आणि चार वर्षांत त्या रागाची सवय झाली. अक्कालाही ते ठाऊक होतं. ती कधी वाद घालायची नाही. मला डोकेदुखीची गोळी घेताना बघितलं की एवढंच म्हणायची, "ती गोळीले पाय नही ना, मंग कशी जास व डोकामा?"

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नव्हती. पण पानभर 'हे' आणि 'यांना' लिहीत बसले तर वाचणाऱ्याला काही कळायचं नाही, म्हणून लिहिण्यापुरतं घेते. अभिमन. अक्काचा एकुलता एक मुलगा. सासरे लवकर गेले, त्यामुळे अक्कानं त्यांना वाढवलं आणि त्यांनी सतराव्या वर्षापासून शेत सांभाळलं. उंच, रुंद खांद्याचा माणूस. कापसाचं बोचकं एकट्यानं उचलून गाडीत टाकायचे.

शहाऐंशी सालच्या जानेवारीत त्यांची पाठ धरली. कापूस घालायला पाचोऱ्याला गेले होते. सरकारी खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागलेली, तीन दिवस थंडीत गाडीखाली झोपून काढले. घरी आले ते पाठीला हात लावूनच. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, उसण भरली. आणि उसणेचं औषध घरातच होतं.

अक्कानं मंगळवारी पाय फिरवला. बरं वाटलं. रविवारी परत दुखायला लागलं. परत पाय, परत बरं, परत दुखणं. मी म्हटलं, आता माझ्या बाजूचा उपाय करू. भडगावला एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाठीवर दोन थापट्या मारल्या, वात आहे म्हणाले आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांची पुडी मी देव्हाऱ्याशेजारी अशी ठेवली की अक्काला येता-जाता दिसावी. वात हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून आला म्हणून मला तो सायन्सचा वाटला.

त्यांचं खाणं कमी झालं, संध्याकाळी अंग कोमट व्हायला लागलं. खाली पडलेली वस्तू उचलताना ते वाकायचे नाहीत, अख्खे खाली बसून उचलायचे. हे सगळं मला दिसत होतं. पण कापसाचा हंगाम, माणूस दमणारच, असं मी स्वतःला समजावत होते.

होळीच्या आधीचा मंगळवार मला अजून आठवतो. अभिमन ओसरीवर पालथे पडले होते. अक्काची टाच खांद्यांच्या मधून खाली येत होती आणि मध्येच थांबली. तिनं पाय उचलला. परत ठेवला, अगदी हळू, जसा चुलीवरच्या तव्याला हात लावून बघतात तसा. मग पाय काढूनच घेतला.

"हाई उसण नही शे," ती म्हणाली. "आठे हाडूक वर येयेल शे. कुंदा, याले धुळाले लई जा. तुना बापले सांग, मोठा डॉक्टरले दखाड."

मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. खरं तर मी उठून जवळ जायला हवं होतं, पाठीवर हात फिरवून बघायला हवं होतं. मी बसल्या जागेवरून म्हणाले, "हाड सगळ्यांच्याच पाठीत असतं अक्का. डॉक्टरांनी वात सांगितलाय. पायाला काय कळतं?"

शिकलेल्या सुनेपुढे अक्का नेहमीच जरा दबून असायची. तिनं अभिमनना सांगून बघितलं, पण त्यांना माझं सोयीचं वाटलं; धुळ्याला जायचं म्हणजे शेत सोडायचं. नंतरही दोन-तीनदा तेच तिच्यामागे लागले, "अक्का, पाय लाव ना, तेवढंच बरं वाटस." ती नको म्हणायची, मग लेकाचं तोंड बघून लावायची, पण नुसता टेकवल्यासारखा. त्या टेंगळावरून तर ती पाय उचलूनच पलीकडे न्यायची.

असे दोन महिने गेले. वैशाखात एकदा ते खळ्यावरून आले आणि एका पायात चप्पल नव्हती. मी विचारलं, दुसरी कुठे? त्यांनी खाली बघितलं. चप्पल निसटून मागे कुठेतरी राहिली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. तापलेल्या धुळीतून तसेच अनवाणी चालत आले होते, तळव्याला फोड आलेला, तोही कळला नव्हता. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. चौथ्या दिवशी सकाळी ते अंथरुणातून उठायला गेले आणि पाय हललेच नाहीत.

धुळ्याला नानांना कळवलं. त्यांचा निरोप आला, माणसाला वाकवू नका, जसाच्या तसा आडवा आणा. आडवा कशावर आणायचा? चुलत दीर चुडामण यांनी घराचं दार बिजागरीतून काढलं, त्यावर गोधडी टाकली, आणि दारासकट अभिमनना टेम्पोत ठेवलं. घर उघडं टाकून आम्ही निघालो. मी उशाशी त्यांचं डोकं धरून, अक्का पायाशी पाय धरून. पारोळ्यापर्यंत ती दर थोड्या वेळानं त्यांच्या अंगठ्याला चिमटा काढत होती.

"लागस का रे?"

"नही."

"आते?"

"नही अक्का."

पारोळ्याच्या पुढे एका खड्ड्यात टेम्पो आदळला, अभिमन कळवळले, आणि माझा तोल गेला. मला राग आला की माझी भाषा शाळेतली होते. मी म्हणाले, "आता कशाला चिमटे काढता? तुमच्या पायानंच मोडली ही पाठ! लेकाची पाठ ती, दगड नव्हता तो तुडवायला!"

अक्कानं हात काढून घेतले. उजवा पाय लुगड्यात ओढला, आणि धुळ्यापर्यंत त्यावर बसून राहिली. अभिमन डोळे मिटून पडले होते. त्यांनी ऐकलं की नाही ते मी आजवर विचारलेलं नाही.

हॉस्पिटलातले हाडांचे डॉक्टर बारीक अंगाचे, हळू बोलणारे होते. फोटो काढून झाल्यावर त्यांनी मला आणि नानांना आत बोलावलं. अक्का बाहेर व्हरांड्यातच बसून राहिली, चल म्हटलं तरी आली नाही.

"मणक्याचा क्षय आहे," डॉक्टर म्हणाले.

"यांना तर खोकलासुद्धा नाही," मी म्हणाले.

"क्षय छातीतच बसतो असं नाही. हाडात बसतो, तेव्हा खोकला नसतो." त्यांनी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. एकावर एक मणके, त्यातले दोन कुरतडलेले, मध्ये पू साठलेला, आणि तो पू मागच्या दोरीला, म्हणजे पायांकडे जाणाऱ्या मज्जारज्जूला दाबतोय. त्यामुळे पाय गेलेत. बाजूनं पाठ उघडायची, बरगडीचा एक तुकडा काढायचा, त्या वाटेनं मणक्यापर्यंत जायचं, पू आणि कुजलेलं हाड साफ करायचं, आणि तोच बरगडीचा तुकडा दोन मणक्यांच्या मध्ये टेकू म्हणून बसवायचा. मग दीड वर्ष औषधं.

"चालतील ना?" नानांनी विचारलं.

"दाब काढणं माझ्या हातात आहे. दोरी कितपत जागी होते ते आधी सांगता येत नाही. काहींचे पाय दोन महिन्यांत हलतात, काहींचे हलत नाहीत."

मी अक्काच्या पायाचं विचारलं. डॉक्टरांना पायाळू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही, ते इकडचेच होते. जरासे हसले. "पाठ तुडवणं वाईटच, अशा पाठीला हात लावू नये. पण त्यानं हे झालेलं नाही. हे जंतूंचं काम आहे, कित्येक महिन्यांचं." मग त्यांनी फोटो परत उजेडावर धरला आणि सहज विचारलं, "पाठीवरचं हे टेंगूळ कधी दिसलं? कुणाच्या लक्षात आलं? तेव्हाच आणलं असतं तर बहुतेक औषधांवर भागलं असतं. पाय जायच्या आत."

व्हरांड्यात अक्का बसलेली मला दारातून दिसत होती. मी म्हणाले, "नक्की आठवत नाही."

ही गोष्ट मी पुढे कितीतरी दिवस कुणाला सांगितली नाही. नाना शेजारीच होते, पण त्यांना होळीच्या आधीच्या त्या मंगळवारचं काय ठाऊक? बाहेर आल्यावर मी अक्काला क्षयाचं सांगितलं, ऑपरेशनचं सांगितलं, बरगडीचं सांगितलं. 'पायानं झालेलं नाही' एवढंच सांगितलं नाही. कारण ते सांगितलं असतं तर मग कुणामुळे उशीर झाला, हेही सांगावं लागलं असतं. एक चूक लपवायला मी एका बाईचा पाय गुन्हेगार म्हणून तसाच राहू दिला.

बरगडीचं मात्र अक्काला पटेना. दुसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीला आले तेव्हा तिनं धीर करून त्यांनाच विचारलं, "भाऊ, बरगडी काढीसन मणकामा बसाडशात, मंग बरगडीनी जागामा काय भरशात?"

"काही नाही आजी. तिथे हळूहळू थोडं हाड परत येतं."

"परत येस?" टेम्पोनंतर अक्का माझ्याकडे वळून पहिल्यांदाच काही बोलली. "देखं, देवनी सोय करी ठेल शे."

ऑपरेशन सकाळी सुरू झालं आणि दुपार उलटून गेली. नाना व्हरांड्यात फेऱ्या घालत होते. मी भिंतीवरच्या सूचना इतक्यांदा वाचल्या की पाठ झाल्या. अक्का कडुलिंबाखाली बसली होती, उजवा पाय मांडीखाली दाबून. कुणाला दिसू नये असा. चार वाजता डॉक्टर बाहेर आले, कपाळावर टोपीचा वळ उमटलेला. वाटीभर पू निघाला म्हणाले, बरगडी नीट बसली, आता वाट बघायची.

आठवडाभरानं आणखी एक प्रसंग झाला. क्षयाच्या औषधांतल्या एका गोळीनं लघवी तांबडी-केशरी होते. नर्सनं मला सांगितलं होतं, मी अक्काला सांगायला विसरले. तिनं कॉटखालची लघवीची पिशवी बघितली आणि "रगत! रगत!" करत असा आरडाओरडा केला की शेजारच्या वॉर्डातले पेशंट उठून आले, त्यातल्या एकाला तर उठायची परवानगीच नव्हती. मी हसले. अभिमनही हसले, आणि बरगडीकडची जखम दुखते म्हणून हसता हसता कण्हले. अक्का मात्र तोंड लपवून बाहेर गेली. एरवी तिनं त्या पिशवीलाही चार शिव्या दिल्या असत्या.

टाके निघाल्यावर छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घालून आम्ही अभिमनना देवपूरला नानांच्या दोन खोल्यांत आणलं. फळीवर सरळ झोपायचं, उताणं. रोज इंजेक्शन. कूस बदलायची तर दोघांनी लाकडाचा ओंडका फिरवावा तसं एका दमात फिरवायचं. मी आणि नाना ते करायचो. अक्का स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, पांझरेच्या पुलाजवळून दूध आणायची, पण कॉटच्या जवळ यायची नाही. दाराशी बसायची आणि तिथून लेकाच्या पायांकडे बघत राहायची. आणि तिनं उजव्या पायाला फडकं बांधलं होतं.

नानांनी विचारलं, काय झालं? "टाचले भेगा पडनात," ती म्हणाली. नानांनी मलम आणून दिलं. मला ठाऊक होतं ते भेगांचं फडकं नाही. रोज सकाळी ते सोडून, धुऊन, वाळवून ती परत बांधायची, आणि मी रोज दुसरीकडे बघायचे.

जून संपला. चुडामण भाऊजी गावाकडची खबर घेऊन आले. पेरणी त्यांनीच उरकली होती, दार परत बिजागरीला लावलं होतं. जाताना ते अक्कापुढे वाकले आणि लाजत म्हणाले, पेरणीत कंबर धरलीय, आता आलोच आहे तर लाव की पाय. कंडक्टरपण रोज विचारतो, अक्का कधी येस म्हणून.

"तो पाय मी सोडी दिना," अक्का म्हणाली.

"सोडी दिना म्हंजे?"

"पाय नही तो. जा तू."

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. मी चहाचे कप उचलून आत गेले. आत कप हातातच धरून मी उभी राहिले, आणि मला माझी खूप लाज वाटली. या बाईनं उभ्या आयुष्यात कुणाकडून नारळ घेतला नाही, आणि मी तिच्याकडून तिची एवढी एक गोष्ट काढून घेतली होती. तरी त्याही दिवशी मी बोलले नाही. पाय हलू देत, मग सांगेन, असं मी मनाशी ठरवलं. न हललेल्या पायांपुढे खरं बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं.

आषाढ उतरत आला होता. एका दुपारी मी अभिमनच्या पायांवर ओलं फडकं फिरवत होते आणि ते म्हणाले, "गार आहे."

मी थांबले. "काय गार आहे?"

"फडकं."

दाराशी अक्का उठून उभी राहिली. दोन दिवसांनी डावा अंगठा हलला. हलला म्हणजे काय, माशी बसल्यासारखा थरथरला. पण मी, नाना आणि अक्का असे तिघं जण तीन बाजूंनी त्या अंगठ्याकडे टक लावून बसलो, आणि तो परत हलला तेव्हा नानांनी टाळी वाजवली. मग उजवा. मग घोटे. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. त्यांच्याबरोबर व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सांगितलं, रोज तळव्याला तुमचा हात लावा आणि यांना म्हणावं, लोटा. जेवढं लोटतील तेवढे पाय ताठ होतील. हे झालं नाही तर पाय हलतील, पण अंगाचं वजन पेलणार नाहीत.

पहिले आठ दिवस माझा हात पुरला. मग नाही. शेतकऱ्याचे पाय ते, जागे झाल्यावर माझं मनगट मागे दुमडायला लागलं. "जोर लाव," ते म्हणायचे, "भिंत लोटल्यासारखं वाटलं पाहिजे, तू तर पडदा आहेस." नाना साठीचे, नळ्या धुवून त्यांचे हात वातानं धरलेले. मी दाराकडे बघितलं. अक्का फडकं बांधलेला पाय पोटाशी घेऊन बसली होती.

मी उठले, तिच्यापुढे जाऊन बसले.

"अक्का, मी तुमच्याशी खोटं वागले," मी म्हणाले. "तुमच्या पायानं काहीही झालेलं नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, टेंगूळ लागलं तेव्हाच आणलं असतं तर पाय गेलेच नसते. तुम्हाला लागलं होतं. तुम्ही सांगितलं होतं. मी आणलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तर आठवत नाही म्हणाले."

हे सगळं अभिमन ऐकत होते. ऐकू देत, असंच मला वाटत होतं.

मी अक्काच्या शिव्यांची वाट बघत होते. तलाठ्याला मिळतात तशा मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"टेम्पोमा तू रागमा बोलनी," ती म्हणाली. "कोनावर तरी काढना व्हता तुले तो राग. मी तुना जोडेच बठेल व्हतू. ते मी समजनू. पण मंग, पोरी, मालेच खरं वाटाले लागनं."

आणि ती रडायला लागली, आवाज न करता. मी तिच्या मांडीवर डोकं टेकवलं आणि मीही रडले, पण मला आवाज न करता रडता येत नाही. कॉटवरून अभिमन म्हणाले, "दोन्हीजनी रडी लेवा, मंग माना पायनं दखा." त्यांनी एवढ्यावरच तो विषय मिटवला. आजतागायत परत काढलेला नाही.

मी फडक्याची गाठ सोडली. अक्का पाय मागे घेत होती, सुनेनं पायाला हात लावून काही करावं हे तिला अवघड वाटत होतं, पण मी सोडला नाही. तांब्यात पाणी आणलं, तो पाय धुतला आणि माझ्या पदरानं पुसला. दोन महिने फडक्यात राहून टाच पांढरी पडली होती.

कॉटच्या पायथ्याशी स्टूल ठेवला. अक्का त्यावर बसली. तिनं उजवा तळवा उचलला, लेकाच्या तळव्याजवळ नेला आणि थांबली. अगदी तशीच थांबली, जशी होळीच्या आधी त्या मंगळवारी थांबली होती.

"अक्का, पाय लाव ना," अभिमन म्हणाले.

तिनं लावला. तळव्याला तळवा.

"लोट," ती म्हणाली.

त्यांनी लोटलं. काही झालं नाही.

"लोट रे! पोट कसाले आवळी ऱ्हायना? श्वास सोड!"

शहाबादी फरशीवर स्टुलाचे पाय करकरले. बोटभर. अक्का मागे सरकली होती, आणि मला वाटतं अख्ख्या देवपुरात त्या क्षणी आमच्याइतकं सुखी कुणी नसेल. मी नानांचा खडू घेतला आणि फरशीवर रेघ मारली.

मग रोज सकाळ-संध्याकाळ हाच कार्यक्रम. स्टूल अर्धी फरशी सरकला, एक सरकला. आभाळ गडगडलं की अक्का उठून आत पाटावर जायची, वीज आपल्यावर पडली तर लेकाच्या पायातून जाईल म्हणून, आणि गडगडाट थांबला की परत येऊन बसायची. मी काही बोलत नव्हते. सायन्सचं सगळं मला कळतं, हा माझा समज आता उतरला होता. गणपती बसले तेव्हा एकदा अभिमननी असा रेटा दिला की स्टूल जाऊन भिंतीला थडकला, आणि अक्कानं लेकाला दिलेल्या शिव्या ऐकून शेजारची कुटुंबं बाहेर आली.

नवरात्रात डॉक्टरांनी प्लास्टर काढलं, चामड्याचा, लोखंडी पट्ट्या बसवलेला पट्टा घातला आणि म्हणाले, उभे राहा. एका बाजूला नाना, एका बाजूला मी. ते उभे राहिले. पाय लटलटले, गुडघे दुमडले, परत ताठ झाले. दुसऱ्या आठवड्यात ते कॉटपासून दारापर्यंत चालले. अक्का त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती, आमच्याकडेही नाही. नजर खाली, पायांवर.

दारापाशी तिनं त्यांना थांबवलं. कोपऱ्यातून त्यांच्या चपला आणून पुढे ठेवल्या. वैशाखात खळ्याच्या वाटेवर राहिलेली ती एक चप्पल तिनं त्याच संध्याकाळी शोधून आणली होती, आणि येताना गाठोड्यात दोन्ही बांधून धुळ्याला आणल्या होत्या. मला त्याचा पत्ताही नव्हता.

"घाल," ती म्हणाली.

त्यांनी घातल्या. पट्ट्यामुळे वाकता येत नव्हतं, म्हणून अंगठ्यानं चाचपत, वेळ लावून, पण स्वतः घातल्या. उंबरा ओलांडला. अंगणात तुळशीपर्यंत गेले, वळले, परत आले. अक्का उंबऱ्यावर बसून त्यांच्या मागच्या वाटेकडे बघत होती. तिथे धुळीत फक्त पावलांचे ठसे होते. चपला दोन्ही पायांतच होत्या.